मुलाची दांडगाई, पालकाची सही

व्यापारी घरात मुलाला अक्षरओळखीपाठोपाठ जी शिकवण मिळते, ती सहीच्या मोलाची असते. कोऱ्या कागदावर सही करू नये, दुसऱ्याच्या हुंडीला विचार न करता जामीन राहू नये, आणि एकदा सही केली की शब्द फिरवू नये. अमरावतीचा सराफा असो की अकोल्याचा टिळक रोड, पेढ्यांची पत याच शिकवणीवर उभी राहिली. तरीही एक सही अशी आहे, की जिचा विचार बहुतेक घरांत कधीच झालेला नसतो. ती म्हणजे आपल्या मुलाच्या वर्तणुकीच्या हमीपत्रावरील सही. ती बाल न्याय मंडळापुढे करावी लागते, तिची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते, आणि त्या मुदतीत मुलाने पुन्हा कोणाला त्रास दिला तर त्याचा जाब सही करणाऱ्याला द्यावा लागतो.

मुलगा वर्गातील दुबळ्या मुलाला रोज मारतो, वसतिगृहात धाकट्यांकडून पैसे उकळतो किंवा एखाद्या मुलीचे छायाचित्र विकृत करून मोबाइलवर फिरवतो. अशा वेळी त्याच्या आईवडिलांवर कायद्याने कोणती जबाबदारी येते? या प्रश्नाची दोन उत्तरे घराघरांत ऐकू येतात. एक, ‘मुलगा अज्ञान आहे, त्याला काही होत नाही.’ दुसरे, ‘मुलाने केले तरी शिक्षा बापालाच.’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. भारतीय कायदा मुलाचा अपराध जसाच्या तसा पालकाच्या नावे लिहीत नाही. मात्र मुलाच्या हाती काय दिले, कळल्यावर काय केले आणि काय लपवले, याचा हिशेब तो पालकाकडे मागतो.

मस्ती आणि छळ

‘पोरे आहेत, मस्ती करणारच’ हे वाक्य वऱ्हाडात जितक्या सहजतेने उच्चारले जाते, तितक्याच सहजतेने त्याआड छळ लपतो. नॉर्वेत दीर्घकाळ काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकापासून शाळकरी मुलांमधील छळाचा अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आज जगभर मानल्या जातात : त्रास देण्याचा हेतू, त्याची पुनरावृत्ती आणि दोघांच्या बळातील तफावत. दोन तुल्यबळ मुलांचे मैदानावरचे भांडण हे भांडणच असते. एकाने रोज मारावे आणि दुसऱ्याला उलटून बोलण्याचीही सोय नसावी, तेव्हा तो छळ ठरतो.

यांतील तिसरी खूण व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावी. बळ केवळ दंडात नसते. नवा मोबाइल, दारातील गाडी, शाळेच्या व्यवस्थापनाशी असलेली घरची ओळख, हेही मुलाचे बळच असते. अकोल्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीसाठी साऱ्या वऱ्हाडातून मुले येतात. कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, खामगाव अशा गावांतील व्यापाऱ्याचा मुलगा आणि कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा एकाच खोलीत राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात. पहिल्याचे वडील बाजार समितीत माल घेणारे आणि दुसऱ्याचे वडील तिथेच माल विकणारे, असेही असू शकते. मागच्या हंगामाची उधारी अजून फिटलेली नसेल, तर तो शेतकरी आपल्या मुलाच्या अंगावरचे वळ पाहूनही सावकाराच्या मुलाविरुद्ध तक्रार करण्यास कचरेल. म्हणून तक्रार आली नाही, एवढ्यावरून आपला मुलगा निर्दोष आहे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. कदाचित तक्रार करण्याचे बळच समोरच्या घरात नसेल.

वयाच्या पायऱ्या

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २० प्रमाणे सात वर्षांखालील मुलाची कोणतीही कृती अपराध ठरत नाही. कलम २१ प्रमाणे सात ते बारा या वयात, आपल्या कृतीचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता मुलाला नसेल, तर त्यालाही अपराधी मानता येत नाही. बारा वर्षांनंतर ही सवलत संपते. त्यानंतर अठरा वर्षांपर्यंतचा मुलगा किंवा मुलगी बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कक्षेत येते. कायदा अशा मुलाला ‘आरोपी’ न म्हणता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. या शब्दयोजनेमागे सुधारणेची आशा आहे, आणि अधिनियमाची सारी रचना त्याच आशेवर उभी आहे.

अशा मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्याला विशेष बाल पोलीस पथकाच्या स्वाधीन करून प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते, आणि पालकांना कळवावे लागते. अपराध किरकोळ किंवा गंभीर या वर्गातील असेल आणि त्यात कोणी सज्ञान सामील नसेल, तर प्रथम खबरी अहवालही नोंदवला जात नाही. पोलीस दैनंदिनीत नोंद होऊन मुलाच्या पार्श्वभूमीसह अहवाल मंडळाकडे जातो. ज्या अपराधाला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, तो अतिगंभीर वर्गात मोडतो. मुलाने सोळा वर्षे पूर्ण केली असतील आणि अपराध अतिगंभीर असेल, तरच त्याच्यावर सज्ञानाप्रमाणे खटला चालवावा काय, याची प्राथमिक तपासणी मंडळ कलम १५ खाली करते. शाळेतील बहुतेक दांडगाई या पायरीपर्यंत जात नाही. तरीही मारहाणीत डोळा गेला, हाड मोडले किंवा एखाद्या मुलाने छळाला कंटाळून जीव दिला, की ‘मस्ती’ हा शब्द एका क्षणात निरर्थक होतो.

मंडळापुढे पालक

प्रत्येक जिल्ह्यात किमान एक बाल न्याय मंडळ असते. त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. या दोघांपैकी एक महिला असणे आवश्यक आहे. तिथे वकिली युक्तिवादापेक्षा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक अन्वेषण अहवालाला अधिक महत्त्व असते. हा अहवाल दोन आठवड्यांत द्यायचा असतो. त्यासाठी अधिकारी घरी येतो, शेजारी आणि शिक्षकांशी बोलतो. मुलगा किती वाजता घरी येतो, त्याच्या हाती किती पैसे असतात, घरात नोकरांशी कोणत्या भाषेत बोलले जाते, वडील मुलाशी बोलतात की केवळ रागावतात, हे सारे तो टिपतो. ज्या घराने आजवर आयकर अधिकाऱ्यापुढे वह्या उघडल्या असतील, त्या घराला प्रथमच संगोपनाची वही उघडावी लागते.

चौकशीअंती कृत्य सिद्ध झाले, तर कलम १८ प्रमाणे मंडळापुढे अनेक मार्ग असतात. समज देऊन आणि मुलासह पालकांचेही समुपदेशन करून घरी पाठवणे, समूह समुपदेशनास बसवणे, समाजसेवा करायला लावणे, हे त्यांतील सौम्य मार्ग. त्यानंतर दंड येतो. हा दंड मुलाला किंवा त्याच्या आईवडिलांना, पालकाला भरायला सांगण्याचा अधिकार मंडळाला स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. त्यापुढचा मार्ग चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटकेचा. यात आई, वडील किंवा पालक मुलाच्या सद्वर्तनाचे आणि कल्याणाचे हमीपत्र लिहून देतात. आरंभी उल्लेखिलेली सही ती हीच. शेवटी, आवश्यक वाटल्यास, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी विशेष गृहात पाठवण्याचा मार्ग उरतो.

याच अधिनियमाने मुलाला दिलेले संरक्षणही तितकेच मोठे आहे. कलम ७४ प्रमाणे मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही; तसे करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे संरक्षण छळ करणाऱ्या आणि छळ सोसणाऱ्या, दोन्ही मुलांना आहे. समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘अमुक यांच्या चिरंजीवाने असे केले’ असा मजकूर पुढे पाठवताना याचे भान ठेवावे. कलम २४ प्रमाणे अशा प्रकरणामुळे मुलावर पुढील आयुष्यात अपात्रतेचा शिक्का बसत नाही, आणि काही अतिगंभीर प्रकरणे वगळता अपिलाची मुदत संपल्यावर नोंदीही नष्ट केल्या जातात. मुलाला पाटी कोरी करून देण्यास कायदा तयार आहे. त्यासाठी पालकांचे सहकार्य मात्र त्याला हवे असते.

कृत, कारित, अनुमोदित

जैन आचारविचारात दोषाचे तीन प्रकार परिचित आहेत : स्वतः केलेला, दुसऱ्याकडून करविलेला आणि दुसऱ्याने केलेल्याला मान्यता दिलेला. पालक स्वतः कायद्याच्या कचाट्यात केव्हा सापडतो, हे समजण्यासाठी ही विभागणी उपयोगी पडते. मुलाचे कृत्य ते मुलाचे. पण साधन पुरवणे आणि पाठीशी घालणे ही पालकाची स्वतःची कृत्ये असतात, आणि कायदा त्यांचा वेगळा विचार करतो.

साधन पुरवण्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण वाहनाचे आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९९ क ची भर पडली. इंग्रजी प्रतीत ते १९९ ए म्हणून ओळखले जाते. अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. पालकाच्या संमतीनेच वाहन वापरले गेले, असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण ते टाळण्याचा पुरेपूर प्रयत्न केला होता, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. दहावीतल्या मुलाला शिकवणीसाठी गिअरची मोटारसायकल देणाऱ्या अमरावती-अकोल्यातील असंख्य घरांना हे कलम लागू आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात घडलेली घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. एका बांधकाम व्यावसायिकाच्या १७ वर्षांच्या मुलाने चालवलेल्या भरधाव पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंते, एक युवक आणि एक युवती, ठार झाले. मंडळाने प्रथम ३०० शब्दांचा निबंध लिहिण्यासारख्या अटींवर जामीन दिला आणि देशभर संताप उसळला. पुढे मुलाला निरीक्षणगृहात पाठवण्यात आले. परंतु तो आदेश बेकायदा ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी त्याला आत्याच्या ताब्यात दिले. जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर सज्ञानाप्रमाणे खटला चालवण्याची पोलिसांची मागणीही मंडळाने फेटाळली.

घरातील मोठ्यांच्या वाट्याला मात्र वेगळेच आले. मुलाच्या हाती वाहन दिल्याबद्दल आणि त्याला मद्यपानास मोकळीक दिल्याबद्दल वडिलांवर गुन्हा दाखल झाला. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलून आईचे रक्त ठेवल्याचा आरोप झाला, आणि आईलाही अटक झाली. चालकाला डांबून ठेवून दोष स्वतःवर घेण्यास भाग पाडल्याच्या आरोपावरून आजोबांना अटक झाली. या आरोपांचा अंतिम निर्णय न्यायालय देईल. परंतु घटनाक्रम पाहिला, तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. मुलाला कायद्याने अज्ञानपणाचे कवच दिले. त्याला वाचवण्यासाठी धावलेल्या तीन मोठ्या माणसांना तसे कोणतेही कवच नव्हते. अपघात रस्त्यावर काही क्षणांत घडला. त्यानंतरच्या तासांत घरातील मोठ्यांनी जे निर्णय घेतले असा आरोप आहे, त्यांनी सारे कुटुंब गोत्यात आले.

हेच सूत्र छळाच्या प्रकरणांना लागू पडते. मुलाच्या हातातील सर्वांत सामान्य साधन आज मोबाइल आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला सिमकार्ड मिळत नाही, म्हणजे मुलाच्या मोबाइलमधील क्रमांक आई किंवा वडिलांच्या नावाचा असतो. सायबर पोलिसांची पहिली सूचना त्या नावावर येते. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतील एका नामांकित शाळेतील १३-१४ वर्षांच्या मुलांचे व्हॉट्सॲपवरील संभाषण उघडकीस आले. वर्गातील मुलींविषयी अत्यंत हिंसक आणि लैंगिक भाषा त्यात होती, आणि शाळेने आठ मुलांना निलंबित केले. सुशिक्षित, संपन्न घरांतील मुले बंद गटात काय लिहितात, हे त्यांच्या पालकांना त्या दिवशी प्रथम कळले.

एखाद्या मुलीचे अश्लील किंवा अश्लील बनवलेले छायाचित्र फिरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आणि मुलगी अठराखालील असेल तर पोक्सो कायद्याखालीही गुन्हा ठरतो. पोक्सोचे कलम १९ असे सांगते, की अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यावी. न देणाऱ्या सज्ञान व्यक्तीला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या तरतुदीत आईवडिलांना सूट नाही. रात्री मुलाच्या मोबाइलमध्ये असे छायाचित्र दिसले आणि वडिलांनी ते पुसून मोबाइल कपाटात ठेवला, तर ते एकाच वेळी दोन चुका करतात : माहिती दडवतात आणि पुरावा नष्ट करतात. अपराध्याला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणे हा न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र अपराध आहे. त्याचप्रमाणे पीडित मुलाच्या घरी जाऊन ‘तक्रार मागे घ्या, नाहीतर पाहून घेऊ’ असे बजावणे ही फौजदारी स्वरूपाची धमकी ठरते, मग ती कितीही सभ्य शब्दांत दिली गेली असो.

नुकसानभरपाईचा प्रश्न

फौजदारी बाजूखेरीज दिवाणी बाजू उरते. मोडलेल्या दातांचा, शस्त्रक्रियेचा, बुडालेल्या वर्षाचा खर्च कोणी द्यावा? फ्रान्सच्या दिवाणी संहितेत अज्ञान मुलाने केलेल्या नुकसानीस आईवडील जबाबदार असतात. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निर्णयापासून ‘आम्ही नीट लक्ष ठेवले होते’ एवढे सांगून त्यांना सुटताही येत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ टोनावांडा या छोट्या शहराने २०१७ मध्ये मुलाच्या वारंवार दांडगाईबद्दल पालकाला २५० डॉलरपर्यंत दंड किंवा १५ दिवसांपर्यंत कैद असा स्थानिक नियम केला. जपानमध्ये २०११ साली ओत्सु शहरातील १३ वर्षांच्या मुलाने वर्गमित्रांच्या छळानंतर आत्महत्या केली. त्या घटनेने देश हादरला आणि २०१३ मध्ये छळप्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा झाला. मुलाने दुसऱ्याला छळू नये असे वळण लावण्याची पहिली जबाबदारी पालकांची, असे त्या कायद्यात लिहिले आहे.

भारतात असे सरसकट दायित्व नाही. केवळ बाप आहे म्हणून तो मुलाने केलेल्या नुकसानीस आपोआप जबाबदार ठरत नाही. मात्र मुलाच्या हाती धोकादायक वस्तू दिली, त्याच्या हिंसक सवयीची वारंवार सूचना मिळूनही दुर्लक्ष केले किंवा मुलगा पालकाच्याच सांगण्यावरून वागला, तर पालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध करता येतो. म्हणूनच शाळेने पाठवलेले प्रत्येक पत्र महत्त्वाचे असते. ‘आपल्या पाल्याने पुन्हा मारहाण केली’ अशी तीन पत्रे मिळूनही जे घर गप्प राहिले, त्याला ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे पुढे म्हणता येत नाही. याखेरीज अज्ञान मुलावरही त्याच्या पालकामार्फत भरपाईचा दावा लावता येतो, आणि हुकूमनामा झाल्यास त्याच्या नावावरील मालमत्तेतून वसुली होऊ शकते. व्यापारी घरांत मुलांच्या नावे ठेवी आणि भूखंड असतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

वसतिगृहाच्या दारात

घरापासून दूर गेलेल्या मुलासाठी आणखी एक कायदा आहे. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा. तो केवळ महाविद्यालयांचा आहे असा समज आढळतो. परंतु त्यातील शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत वसतिगृहे, बोर्डिंग आणि शिकवणी संस्थाही येतात. विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असे वर्तन, तसेच तो स्वेच्छेने करणार नाही असे कृत्य त्याला करायला लावणे, हे सारे रॅगिंग आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकले जाते आणि पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. अठरा पूर्ण न झालेल्या मुलाचा निवाडा बाल न्याय मंडळाकडे जातो. परंतु तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे, सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास विद्यार्थ्याला निलंबित करणे आणि तक्रार पोलिसांकडे पाठवणे हे संस्थाप्रमुखाचे कर्तव्य आहे. जो प्रमुख तक्रारीकडे काणाडोळा करतो, त्याला अपराधास साहाय्य केल्याचा दोष लागतो.

बारावीनंतर पालकाची सही प्रत्यक्षच मागितली जाते. हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात मार्च २००९ मध्ये अमन काचरू या विद्यार्थ्याचा वरिष्ठांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम लागू केले. त्यानुसार विद्यार्थ्यासोबत त्याच्या पालकालाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. आपण हे नियम वाचले आहेत, आपला पाल्य असे काही करणार नाही आणि केल्यास तो शिक्षेस पात्र राहील, असे त्यात लिहिलेले असते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांत प्रवेश घेताना हे प्रतिज्ञापत्र भरावे लागते. प्रवेशाच्या गर्दीत ते सायबर कॅफेतला मुलगा भरून देतो आणि वडील न वाचता सही करतात. दुसऱ्याच्या हुंडीवर दहा वेळा विचार करणाऱ्याने स्वतःच्या मुलाच्या हमीवर इतकी घाई करावी, हे विपरीत आहे.

पहिली संध्याकाळ

शाळेतून फोन येतो, किंवा दुसऱ्या मुलाचे वडील दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहतात. त्या संध्याकाळी घरात जे घडते, त्यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. आलेल्या माणसाला आत बोलावून, बसवून, त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. गिऱ्हाइकांसमोर त्याला वाटेला लावू नये. मुलाला तत्काळ मारणे टाळावे. मार खाल्लेला मुलगा खरे सांगत नाही, आणि बळाने प्रश्न सुटतात हाच धडा त्याला पुन्हा मिळतो. त्याला एकट्याला बसवून काय, कोणासोबत आणि किती दिवस चालले होते, हे विचारावे. मोबाइल काढून घ्यावा, पण त्यातील काहीही पुसू नये. प्रकरण मुलीच्या छायाचित्राचे असेल, तर त्याच संध्याकाळी वकिलाचा सल्ला घेऊन ते पोलिसांना कळवावे. वकील करणे परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलाला मोफत वकील मिळतो.

त्यानंतर शाळेत आई आणि वडील दोघांनी जावे. मुनीम, मामा किंवा समाजातील वजनदार व्यक्ती पाठवणे म्हणजे समोरच्याला पुन्हा आपले बळ दाखवणे होय. शाळेकडे लेखी उत्तर द्यावे आणि मुलाच्या समुपदेशनाची लेखी मागणी करावी. राज्यातील शाळांमध्ये सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असणे अपेक्षित आहे. ती नसेल, तर पालक सभेत विचारणा करावी. कारण आज दांडगाई करणाऱ्या मुलाचे पालक असलेले कुटुंब उद्या पीडित मुलाचेही पालक असू शकते. तशी वेळ आली, तर लेखी तक्रार, जखमांचा वैद्यकीय अहवाल, संदेशांची जपून ठेवलेली प्रत आणि १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक, हे चार आधार लक्षात ठेवावेत.

राहतो प्रश्न मिटवण्याचा. व्यापारात तडजोड हा गुण आहे, आणि किरकोळ प्रकरणांत दोन्ही कुटुंबांनी सामंजस्याने मार्ग काढण्यास कोणाचा विरोध नाही. पण उपचाराचा खर्च देणे वेगळे आणि गप्प राहण्याची किंमत देणे वेगळे. पोक्सोखालील गुन्हा तर आपसात मिटवताच येत नाही. शिवाय पैसे देऊन सुटलेल्या मुलाला त्या व्यवहारातून एक भाव कळतो : अमुक इतक्या रुपयांत दुसऱ्याचा दात पाडता येतो. ज्या घरात हा भाव मुलाला कळला, त्या घरात पुढची तक्रार अधिक महाग पडते.

क्षमा मागायचीच, तर ती मुलाने मागावी, पीडित मुलाकडे मागावी आणि काय केले ते नाव घेऊन मागावी. संवत्सरीला शेकडो जणांना एकच संदेश पाठवण्याची सवय झालेल्या पिढीला हे कठीण जाईल. वडिलांनी त्याच्यासोबत त्या दारापर्यंत जावे, पण त्याच्या वतीने बोलू नये. मग दर आठवड्याला शाळेत जाऊन तो मुलगा आता निर्धास्तपणे डबा खातो की नाही, याची चौकशी करावी. मंडळापुढील हमीपत्राची मुदत तीन वर्षांपर्यंत असते. घरातील हमी मात्र तक्रार येण्यापूर्वीच सुरू झालेली असते, आणि तिच्यावरील सही मूल जन्मले त्या दिवशीच झालेली असते.